मेडिकलच्या काउंटरवरून : टीव्हीवरची गोळी आणि आपली चिठ्ठी

गेल्या अंकात बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर लिहिलं होतं. पत्रं त्यावर येतील असं वाटलं होतं, पण आली ती औषधांच्या जाहिरातींवर. बरंच झालं. आमच्या तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरवर निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवतात आणि निम्मी मोबाइल. या वेळी मोबाइलवाल्यांसाठी लिहिते.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत न्यू जर्सीला राहून आले. तिथे दुपारी टीव्ही लावला की दर थोड्या वेळानं औषधाची जाहिरात. म्हातारा-म्हातारी हातात हात घालून फिरतात, कुत्रं पळतं, नातवंडं बिलगतात आणि मागून एक बाई गोड आवाजात सांगते की या गोळीनं लिव्हर खराब होऊ शकतं, झटका येऊ शकतो, मरणही येऊ शकतं! मी जावयांना म्हटलं, हे ऐकून कोण बाप्पा घेत असंन? ते म्हणाले, आई, लय जण घेतात. आता लेक म्हणते, तुझ्या छातीतल्या जळजळीवर जांभळी गोळी चांगली, गावाकडच्या डॉक्टरला विचार. आपल्याकडे अशा जाहिराती काऊन नाहीत? इतकं सांगूनही लोकं भुलतात कसे? आणि मी विचारू का डॉक्टरला? — एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : काकू, जांभळ्या गोळीपासूनच सुरू करते. तिच्यातलं औषध इसोमेप्राझोल. तिकडे ती नेक्सियम नावानं आली, पण औषध म्हणून त्यात अप्रूप काही नाही. दर्यापूरच्या कोणत्याही मेडिकलमध्ये ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं मिळतं. त्याच्या आधी त्याच कंपनीचं ओमेप्राझोल होतं. ओमेप्राझोलमध्ये एकाच रेणूची डावी-उजवी अशी दोन रूपं असतात, त्यातलं एक वेगळं काढलं की झालं इसोमेप्राझोल. ओमेप्राझोलचं पेटंट अमेरिकेत २००१ मध्ये संपत होतं, म्हणजे इतर कंपन्यांची स्वस्त गोळी येणार होती. त्याच वर्षी नेक्सियम बाजारात उतरलं. आधीची ‘जांभळी गोळी’ गेली, ‘नवी जांभळी गोळी’ आली. रंग मात्र मुद्दाम तोच ठेवला.

रंगाची ताकद मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे गिऱ्हाईक औषधाचं नाव कुठे सांगतं? “ते गुलाबी गोळी द्या ना जी, गुडघ्याची.” “पिवळी कॅप्सूल, मागच्या बाजारच्या दिवशी नेली होती ते.” नाव इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, पण रंग डोळ्यांत राहतो. तिकडच्या कंपनीनं हेच हेरलं आणि त्यावर करोडो डॉलर खर्च केले.

आपल्याकडे अशी जाहिरात का नाही, तर कायद्यानं. चिठ्ठीवरच द्यायची औषधं शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स या याद्यांमध्ये आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांची जाहिरात करता येत नाही. जगात बहुतेक देशांचा असाच नियम आहे. लोकांना थेट टीव्हीवरून चिठ्ठीचं औषध नाव घेऊन दाखवायला मोकळीक देणारे श्रीमंत देश दोनच, अमेरिका आणि न्यूझीलंड. अमेरिकेतही आधी टीव्हीवर फार नव्हतं. जाहिरातीत औषधाचे सगळे धोके सांगायचे म्हणजे अख्खं माहितीपत्रक वाचायचं, ते अर्ध्या मिनिटात कसं बसणार? १९९७ मध्ये एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, सूट दिली : मुख्य धोके तोंडी सांगा आणि बाकीची माहिती कुठे मिळेल तेवढं सांगा, फोन नंबर, मासिक, डॉक्टर. तिथून बांध फुटला.

आता तुमचा खरा प्रश्न. मरण येऊ शकतं असं ऐकूनही माणूस भुलतो कसा?

कान आणि डोळा एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असले तर माणूस डोळ्याचं ऐकतो. बाई लिव्हर म्हणते तेव्हाच नातू आजोबांच्या खांद्यावर चढतो. आवाज सपाट, संगीत मंद, चित्र हलतं आणि हसतं. तिकडे नाकात मारायच्या ॲलर्जीच्या एका स्प्रेच्या जाहिरातीत ॲनिमेशनची मधमाशी होती. तिचं बोलणं सिनेनट अँटोनियो बँडेरासच्या आवाजात. ती समोर पंख फडफडवत असली की धोक्याच्या यादीकडे लक्ष कुणाचं राहणार? हा खेळ इतका चालला की एफडीएला २०२३ मध्ये नियमच करावा लागला. धोक्याचं निवेदन स्पष्ट आणि साध्या भाषेत हवं, बोललेलं त्याच वेळी पडद्यावर लिहिलेलं हवं, आणि त्या वेळी लक्ष उडेल असं चित्र किंवा आवाज नको. नोव्हेंबर २०२४ पासून तो पाळणं बंधनकारक झालं. तुम्ही त्यानंतर गेला असाल तर अक्षरं दिसली असतील. कुत्रं अजून आहेच म्हणता, म्हणजे बघा.

दुसरी युक्ती आकड्यांची. कोलेस्टेरॉलच्या लिपिटॉर या गोळीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात यायचं, हार्ट ॲटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. तळाशी बारीक अक्षरात : मोठ्या अभ्यासात औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना ॲटॅक आला, लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना. दोन्ही आकडे खरे. हे कपाशीवर घेऊन बघा. एका ओळीत शंभर झाडं आहेत, त्यातली तीन मर रोगानं जातात. औषध टाकलं तर दोन जातात. कृषी केंद्रवाला म्हणेल, “भाऊ, मर एक-तृतीयांशानं कमी!” तुम्ही म्हणाल, शंभरातलं एक झाड वाचलं आणि औषध सगळ्या शंभरांना टाकलं. कोणताही शेतकरी हा हिशेब झाडाखाली बसून करतो. गोळीच्या बाबतीत करत नाही, कारण कुणी तसा मांडून देत नाही. (एक सांगून ठेवते, नाहीतर माझ्या नावावर खपेल : ज्याला आधीच ॲटॅक येऊन गेला आहे त्याला या गोळीचा फायदा यापेक्षा बराच जास्त असतो. हा लेख वाचून कुणी स्टॅटिन, म्हणजे लिपिटॉरसारखी कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करू नये.)

त्याच जाहिरातीत चेहरा होता रॉबर्ट जार्विक यांचा. कृत्रिम हृदयावर त्यांचं नाव आहे, जार्विक-७. पांढरा कोट, भारदस्त आवाज, मग तळ्यात होडी वल्हवताना लांबून दृश्य. पुढे निघालं की होडीत ते नव्हतेच, दुसराच माणूस वल्ही मारत होता. आणि डॉक्टर पदवी असली तरी रुग्ण तपासायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. अमेरिकन काँग्रेसमध्ये चौकशी लागली आणि २००८ मध्ये कंपनीनं त्या जाहिराती मागे घेतल्या.

यापेक्षा महाग पडलेली गोष्ट व्हायॉक्सची. सांधेदुखीची गोळी, १९९९ मध्ये आली. जाहिरातीत डोरोथी हॅमिल, १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या स्केटिंगचं सुवर्ण जिंकलेली. दुखऱ्या सांध्यांची बाई पुन्हा बर्फावर गिरक्या घेते, आणखी काय हवं? २००० या एका वर्षात या गोळीच्या लोकांसाठीच्या जाहिरातींवर सोळा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, त्या वर्षीच्या पेप्सीच्या जाहिरातखर्चाहून जास्त. हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे पक्कं झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं ती जगभरातून परत घेतली. तेच औषध, रोफेकॉक्सिब, आपल्याकडेही विकलं जात होतं. त्यावर त्याच वर्षी बंदी आली. जुन्या मेडिकलवाल्यांना आठवत असेल, स्ट्रिपा परत पाठवायची धावपळ झाली होती.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये अशा टीव्ही जाहिराती एकेक करून तपासल्या. ९५ टक्क्यांत भावनेला हात घातलेला होता. आजार कशामुळे होतो हे सांगणाऱ्या जेमतेम पावभर. आणि औषधाऐवजी खाण्यापिण्यात, चालण्या-फिरण्यात बदल करूनही भागू शकतं असं सांगणारी? एकही नाही.

पण काकू, या सगळ्यापेक्षा मला शेवटचं वाक्य जास्त भारी वाटतं. ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा.’ किती सालस वाक्य! त्यात कंपनीचा विनय दिसतो आणि काम डॉक्टरांच्या खोलीत होतं. २००५ मध्ये तिथे एक प्रयोग छापून आला. नट्यांना रुग्ण म्हणून शिकवून डॉक्टरांकडे पाठवलं. काहींना खरं नैराश्य असल्यासारखं बोलायला सांगितलं, काहींना नुसता आयुष्यातला ताण असल्यासारखं. ताणवाल्यांनी काहीच मागितलं नाही तेव्हा दहातल्या एकाला नैराश्याची गोळी लिहून मिळाली. टीव्हीवर पाहिलेल्या गोळीचं नाव घेऊन मागितली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांना, ५५ टक्के. ज्यांना गोळीची गरज असल्याची खात्री नव्हती त्यांना! दुसरी बाजूही सांगते : खऱ्या नैराश्याच्या रुग्णानं तोंड उघडलं तर त्यालाही उपचार जास्त मिळाले. म्हणजे विचारणं वाईट नाही, पण नाव घेऊन विचारलं की पारडं झुकतं. डॉक्टरही माणूसच, समोरच्याचं मन मोडायला नको वाटतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : डॉक्टरांकडे जरूर जा, पण जांभळ्या गोळीचं नाव घेऊ नका. जळजळीचं सांगा. किती महिन्यांपासून आहे, जेवणानंतर की आडवं झाल्यावर, घास गिळताना अडकतो का, वजन उतरलंय का, काळी शी होते का. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेत असाल तर त्या आधी सांगा, पोटाची आग कित्येकदा तिथूनच लागलेली असते. चिठ्ठीवर जे येईल ते आपल्याकडे जळजळीपुरतं स्वस्तच असतं. आणि किती दिवस घ्यायचं तेही विचारून घ्या. आमच्याकडे पंधरा दिवसांची लिहून दिलेली ॲसिडिटीची कॅप्सूल लोकं वर्षानुवर्षं चहाआधी घेतात.

हो, आपल्याकडे टीव्हीवर बंदी आहे म्हणून मन वळवणं बंद आहे असं समजू नका. ते बॅग घेऊन मोटारसायकलवर येतं. डॉक्टरांच्या दारात रुग्णांच्या रांगेबाजूला टाय लावून उभा असलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, तुम्ही पाहिला असेल. तो आत बोलून आला की माझ्याकडे येऊन सांगतो, मॅडम, या महिन्यात हा ब्रँड लिहून येईल, ठेवा. आणि येतो लिहून. डॉक्टरांना भेटवस्तू, सहली देऊ नयेत अशी आचारसंहिता केंद्रानं मार्च २०२४ मध्ये काढली आहे. तिचा पत्ता आमच्या तालुक्यापर्यंत अजून कुणाला नीट सापडलेला नाही.

प्रश्न : टीव्हीवर नागिणीची जाहिरात लागते. मोठा माणूस येऊन सांगतो की पन्नाशीच्या वरच्यांच्या अंगात तिचा विषाणू आधीच आहे. औषधाचं नाव तर कुठेच नाही! मी अठ्ठावन्नचा, घरच्यांनी धास्ती घेतली. हे काय प्रकरण आहे? — एक शेतकरी, ता. पुसद

उत्तर : भाऊ, नाव नाही यातच सगळी चलाखी आहे. औषधाचं नाव घेतलं तर कायदा आडवा येतो, आजाराचं नाव घ्यायला कुणाची हरकत नाही. तळाशी बारीक अक्षरात जनहितार्थ असं काहीतरी आणि कंपनीचं नाव असतं, थांबवून वाचा. तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन नागिणीवर काही आहे का विचारलं की पुढचं आपोआप होतं.

जाहिरात खोटं बोलत नाही, हेही सांगायला हवं. लहानपणी कांजण्या झाल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात, अंगातली ताकद कमी झाली की नागीण म्हणून उठतो. मात्र अंगात विषाणू असणं आणि नागीण होणं यात फार अंतर आहे. अमेरिकेतला अंदाज असा की आयुष्यभरात साधारण तिघांतल्या एकाला होते. जाहिरात पहिली गोष्ट ठासून सांगते, दुसरी हळूच. ही जाहिरात ज्या लसीसाठी आहे ती लस चांगली आहे, चाचण्यांत ५० वर्षांवरच्या लोकांमध्ये तिनं ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. दोन डोस लागतात, आणि दोन्ही मिळून खर्च हजारांत जातो. तो आकडा टीव्हीवर येत नाही. शुगर असेल, कॅन्सरची औषधं किंवा स्टेरॉइड चालू असतील तर डॉक्टरांशी बोलण्यात अर्थ आहे. धडधाकट असाल तर सवडीनं ठरवा, सोयाबीनचा पैसा हातात आल्यावरही चालेल.

या जाहिरातीला आपल्या भागात एक फुकटचा साथीदार मिळाला आहे. नागिणीनं कमरेला पूर्ण वेढा घातला, तोंड-शेपटी एक झाली की माणूस जातो, असं आपल्याकडे आजीपासून ऐकलेलं असतं. साफ खोटं आहे. पुरळ एका बाजूच्या एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठतं, सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. जाहिरातीला भीती दाखवायची गरजच उरत नाही, ती घरात तयारच असते. आणि तीच भीती माणसाला नागीण उतरवणाऱ्याकडे नेते. गेरू लावण्यात, मंत्र टाकण्यात दोन-तीन दिवस जातात, आणि नेमके तेच दिवस कामाचे असतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ॲसायक्लोव्हिरसारखं औषध सुरू झालं तर त्याचा उपयोग चांगला होतो. अंगाच्या एकाच बाजूला आग आणि मग पाण्याचे फोड दिसले तर आधी सरकारी दवाखाना गाठा. कपाळावर, डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : माझ्या वडिलांनी मोबाइलवर जाहिरात पाहून शुगरचं चूर्ण मागवलं. ‘मधुमेह मुळापासून नष्ट, साइड इफेक्ट शून्य, फरक न पडल्यास पैसे परत.’ चार लोक बोलतात की आमचं इन्सुलिन सुटलं. आता बाबा म्हणतात, मीही सोडतो. मी काय करू? — एक तरुण, ता. चिमूर

उत्तर : इन्सुलिन सुटू देऊ नको, बाकी सगळं नंतर. आजच साखर तपासून घे आणि डॉक्टरांसमोर ते चूर्ण पाकिटासकट ठेव.

आता जाहिरातीचं. १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याला जोडून ५४ आजारांची यादी आहे. मधुमेह, कॅन्सर, मिरगी, मूतखडा, संधिवात, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणंसुद्धा. यातला आजार आमच्या औषधानं बरा होतो असं जाहिरातीत म्हणणं हाच गुन्हा आहे. ॲलोपॅथी असो की आयुर्वेद, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पतंजलीला अशाच दाव्यांवरून वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापायला लावली, तेव्हा हा कायदा बऱ्याच जणांना पहिल्यांदा ऐकू आला. सत्तर वर्षांचा झाला होता तो.

वरच्या पत्रातल्या काकूंना अमेरिकेत मरणाचा धोका ऐकून नवल वाटलं होतं. मला विचाराल तर ‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणणाऱ्याची भीती मला जास्त वाटते. तिकडच्या कंपनीला निदान कायद्यानं तोंड उघडावं लागतं. इथे मोबाइलवरच्या चूर्णवाल्याला कुणी विचारत नाही, मग तो कशाला सांगेल? आणि ते चार लोक जे बोलतात, त्यांचं गाव, त्यांचे रिपोर्ट, त्यांची आजची शुगर काही दाखवत नाहीत. बाबांना हेच विचार, पण चारचौघांत नको. म्हाताऱ्या माणसाला लेकानं खोटं ठरवलं की तो चूर्ण दुप्पट खातो. हळू बोल : “बाबा, इन्सुलिन चालू ठेवून मीटरवर रोज पाहू, काय फरक पडतो ते.” मीटर पुरेसं बोलकं असतं.

तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी कर. जाहिरातीचा व्हिडिओ जतन कर, चूर्णाचं पाकीट, बिल, ज्या नंबरवर पैसे पाठवले तो, सगळं जोड.

प्रश्न : मग टीव्हीवर बाम, सर्दीची गोळी, ॲसिडिटीचा पाचक यांची जाहिरात कशी चालते? — एक वाचक, आर्वी

उत्तर : ती औषधं चिठ्ठीच्या यादीत नाहीत, म्हणून चालते. हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात तर त्यातली काही किराणा दुकानातही परवान्याशिवाय विकता येतात. ओळखायला सोपं आहे : स्ट्रिप उलटी धरा. डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि ‘आरएक्स’ दिसलं तर ते चिठ्ठीचं औषध. जाहिरातीतलं औषध म्हणजे निर्धास्त असं मात्र नाही. सर्दीच्या, अंगदुखीच्या, तापाच्या वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत बऱ्याचदा पॅरासिटामॉलच असतं, आणि टीव्ही बघून माणूस सर्दीची एक, तापाची दुसरी घेतो. मोठ्या माणसाला दिवसभरात चार ग्रॅमच्या वर जाऊ नये, दारू पिणाऱ्याला तर त्याहून कमी. दुसरी गोळी मागताना पहिली कोणती घेतली ते मेडिकलमध्ये सांगत जा. रंग सांगितला तरी चालेल.